कांड्यांच्या पिशवीच्या भावात

मित्रांनो, मी एक जुनी, जाड पत्र्याची कोळशाची शेगडी आहे. माझी कीव करायला आला असाल, तर आल्या पावली परत जा. गोष्ट ऐकायची असेल तर बसा.

एका वेल्डरने तेलाचं पिंप उभं कापून मला घडवलं. वर झाकण, मध्ये जाळी, खाली हवेच्या दोन झडपा. झडप उघडली की निखारे फुलतात, लावली की मंदावतात. हे समजायला अक्कल लागते, वीज लागत नाही.

माझा पहिला मालक दंतवैद्य होता. पाहुण्यांपुढे तो माझं तोंड भरून कौतुक करायचा. पण माझ्या पोटातली राख काढायला त्याचा हात पुढे येत नसे. दिवसभर लोकांच्या दाढा खरवडणारा हा गृहस्थ! पावसात मी उघड्यावर, पोटात ओली राख. मित्रांनो, ओली राख पत्रा खाते. माझ्या कुशीला अंगठा जाईल एवढं भोक पडलं, तेव्हा ‘हिचे दिवस भरले’ म्हणून त्याने मला जुन्या सामानाच्या दुकानात नेऊन टाकलं.

तिथे माझ्या शेजारी एक स्मोकर, म्हणजे मांस धुरावर शिजवणारं यंत्र, उभा होता. काळा कुळकुळीत, छातीवर आकडे दाखवणारी काच, मागे विजेची वायर. लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या बारीक कांड्या त्याच्या पेटीत भरायच्या. आतला स्क्रू त्या हळूहळू आगीकडे ढकलतो. म्हणजे याला घास भरवायलासुद्धा नोकर! पत्रा इतका पातळ, की झाकण लावलं की थरथरायचा.

एके दिवशी एक मावशी जावयाला घेऊन आल्या. त्या दुसऱ्यांच्या खानावळीत भांडी घासत. कारखान्याच्या मुकादमाने त्यांना सांगितलं होतं, “शनिवारी साठ जणांचं जेवण एक वाजता द्या. जमलं तर फाटकापाशी खानावळीची जागा तुमची.” नाही जमलं, तर पुन्हा तीच भांडी.

जावई थेट स्मोकरपाशी गेला. माझ्याकडे त्याने खराट्याकडे बघावं तसं बघितलं.

“आई, हाच घेऊ. बटण दाबायचं आणि खुर्चीत बसायचं.”

“खुर्चीत कोण बसणार, जावईबापू?”

“मी लक्ष ठेवीन ना!”

“मग ठीक आहे. तेवढं तुम्हाला छान जमतं.”

मावशींनी मात्र माझ्या पोटात पेटता कागद टाकला, झाकण लावलं आणि धूर कुठून निसटतो ते वाकून पाहिलं. भोक सापडलं. पत्रा बोटांनी दाबला. “बाकी पत्रा दणकट आहे,” त्या म्हणाल्या.

जावयाचं मन मोडवेना, म्हणून स्मोकर घेतला. कांड्यांची एक पिशवीही घेतली. उरलेल्या पैशांत दुसरी पिशवी येत होती, नाहीतर मी. होय, आमचा भाव सारखाच!

“हे भंगार कशाला, आई?” जावई कुरकुरला.

“वीज गेली तर तुम्ही फुंकर मारणार का?” मावशी म्हणाल्या, आणि मी टेम्पोत चढले.

शनिवारी सकाळी नऊला स्मोकर सुरू झाला. जावई खुर्चीत बसून काचेवरचे आकडे मोठ्याने वाचत होता. आदल्या दिवशी याच शहाण्याने कांड्यांची पिशवी फोडून मोरीशेजारी तशीच ठेवली होती. भुसाच तो, ओल धरून फुगला. सव्वादहाला स्क्रू अडकला, आग विझली. कोंबडीचे तुकडे अर्धेकच्चे! जावई माहितीपत्रक उलटं धरून वाचू लागला.

“आई, यात ओल्या कांड्यांचं काही लिहिलेलं नाही.”

“डोळे मिटून बसायचं, असं लिहिलंय का? कोळसा आणा!”

मावशींनी एका डब्याचं झाकण ठोकून माझं भोक बुजवलं आणि कोळसा पेटवला. निखारे फुलले. स्मोकरमधले तुकडे माझ्या जाळीवर आले, चुरचुरले, नीट शिजून खरपूस झाले. मनावर दगड ठेवून सांगते, अर्धं काम त्या थरथऱ्यानेच केलं होतं. धुराचा वास त्याचा, खमंगपणा माझा.

एकला पाच मिनिटं असताना साठ ताटं वाढून झाली. मुकादमाने एक तुकडा खाल्ला. दुसरा उचलला. मग तिसरा.

“सोमवारपासून साडेबाराला या,” तो म्हणाला. “एकपर्यंत माणसांना कडकडून भूक लागते.”

मावशी माझ्याशेजारी मटकन खाली बसल्या आणि पदराने तोंड पुसत राहिल्या.

संध्याकाळपर्यंत जावई चमच्याने स्क्रूमधला लगदा खरवडत होता. मला वाटलं, आता हा हात धुऊन पळणार. पण तो माझ्यापाशी आला, झाकण उघडलं आणि नव्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

“आई, हिची राख काढू का?”

“हात लावून बघा आधी. पूर्ण निवलीय का?”

“निवलीय. पत्र्याच्या डब्यात भरतो, बंद झाकणाच्या.”

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझी राख काढू का, असं पहिल्यांदाच कोणी विचारलं. वस्तू निवडताना तुम्ही बटणं बघा, काच बघा, भाव करा. हवं तर आम्हाला नावंही ठेवा. पण घरी नेण्याआधी एकमेकांना एवढं विचारा, की रोज हिची राख कोण काढणार? उत्तर आलं नाही, तर आम्हाला दुकानातच राहू द्या.