हत्तीची मूठ

रावजी कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते, तेव्हा कुणाचीही किल्ली हरवली की हाक त्यांनाच यायची. बायकोच्या अंबाड्यातला आकडा घ्यायचा आणि दोन मिनिटांत कुलूप उघडायचं. रिटायर होऊन सोलापुरात घर बांधलं आणि हीच विद्या अंगाशी आली. जे कुलूप आपण उघडतो, ते चोर का नाही उघडणार? त्यामुळे सहा वर्षांत नवरा-बायको जोडीनं एकदाही गावाला गेले नाहीत. एकानं जायचं, दुसऱ्यानं दार राखायचं.

आता अक्कलकोटला रंभाबाईंच्या बहिणीच्या नातीचं बारसं होतं. यंदा जोडीनंच जायचं, असं ठरवून बाईंनी नवऱ्याला महबूबभाईंच्या हार्डवेअरच्या दुकानात नेलं.

"दाराला शोभंल असं दावा," म्हणत त्यांनी हत्तीच्या तोंडाची पितळी मूठ उचलली.

"शोभा काय चाटायची हाय? मजबूत दावा," रावजी म्हणाले. "आकडा दे गं."

एकामागून एक चार कुलपं त्यांनी काउंटरवरच उघडली. गिऱ्हाइकं जमली, टाळ्या पडल्या. महबूबभाईंचा चेहरा मात्र उतरला.

"चाचा, दुकान बंद पाडता का माझं?" त्यांनी आतून पाचवं आणलं. "हे लॅच. दार नुसतं ओढलं की लागतं. बाहेरनं किल्लीबिगर उघडायचं न्हाय. तीन किल्ल्या हायती."

रावजी अर्धा तास झुंजले. तीन आकडे वाकडे झाले, बाईंचा अंबाडा सुटला, लॅच हललं नाही. हरल्याचा इतका आनंद रावजींना जन्मात झाला नव्हता. त्या भरात हत्तीची मूठसुद्धा मंजूर झाली.

तरी बारशाच्या सकाळी गडी पुन्हा फिरला. "तू जा. माझं मन लागायचं न्हाय तितं."

रंभाबाईंना रडूच आलं. पण ते गिळून त्या पिशवी घेऊन ओट्यावर आल्या आणि म्हणाल्या, "एवढी धरा की जरा."

रावजी बंडी-पायजम्यावर बाहेर आले. त्यांनी पिशवी धरली, आणि बाईंनी हत्तीची सोंड धरून दार ओढलं. खट्ट!

"अगं, किल्ल्या?"

"देव्हाऱ्यात."

रावजींनी आकडा मागून घेतला. वीस मिनिटं घाम गाळला.

"उघडंना व्हय?"

"न्हाय."

"मग चोराला उघडंल?"

रावजींनी आकडा बाईंच्या हातात परत दिला. "न्हाय की."

"मग चला."

"असंच? बंडीवर?"

"तुमचा इस्त्रीचा सदरा पिशवीत हाय."

एसटी वळसंगच्या पुढे गेली तेव्हा रंभाबाईंनी सुपारीसाठी बटवा उघडला. सुपारीबरोबर तिसरी किल्ली बाहेर आली आणि रावजींच्या मांडीवर पडली. रावजींनी आधी किल्लीकडे बघितलं, मग बायकोकडे.

"उतरून माघारी जाता का?" बाईंनी विचारलं.

"बारशाला उशीर व्हईल," रावजी म्हणाले आणि किल्ली परत बटव्यात टाकली. "सुपारी दे."