सायलेन्सरची डावी बाजू

"होती तशी बसवायची नाही," म्हणत जिलानीने सायलेन्सरची कापलेली नळी सी लमीनच्या पायाशी टाकली.

गंजून तिची चाळण झाली होती. बागेचा मालक म्हणून लोक लमीनला 'सी', म्हणजे साहेब, म्हणत. त्याने आधी नळीकडे, मग बोडक्या ट्रॅक्टरकडे पाहिलं. उद्या सकाळपासून जैतुनाची तोडणी सुरू व्हायची, आणि हा म्हातारा वेल्डर आजच हट्टाला पेटला होता.

"उस्ता, डोकं ठिकाणावर आहे ना? अठरा वर्षं तिथंच होती. तुम्हीच बसवलीत, बाबांच्या हयातीत."

"मीच बसवली. म्हणून मीच काढली."

"मग काय वर उभी करता? पुन्हा फांद्या भाजायच्या? माझ्या आज्याच्या हातची झाडं आहेत ती."

"तुझ्या फांद्यांचं पान वाकडं होणार नाही. नळी खालीच घेतो. पण डावीकडे."

"अहो, इंजिनाचं तोंड उजवीकडे आहे!"

"पोटाखालून वळवतो."

"हे काय खूळ? जगात कुणी नेतं का असं?"

"जग माझ्या दुकानात येत नाही, लमीन. तू आलायस."

सी लमीन माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला झाडं दिसत, झाडाखालची माणसं जरा उशिरा दिसत. रागारागाने त्याने फोन काढला आणि स्फाक्स शहरातल्या दोन वेल्डरांना विचारून पाहिलं. दोघांनीही पहिलं हेच विचारलं, की नळी कापली कुणी? जिलानीचं नाव ऐकताच दोघांनीही हात वर केले. एका उस्ताने उघडलेल्या कामाला दुसरा उस्ता हात लावत नाही, ही त्या भागातली रीत. जिलानीने ती ध्यानात ठेवूनच आधी करवत चालवली होती आणि मग तोंड उघडलं होतं.

"ने की असाच," तो म्हणाला. "नळीशिवाय चालव. साऱ्या गावाला कळेल तुझी तोडणी सुरू झाली म्हणून."

सी लमीन पाय आपटत चहाच्या टपरीकडे गेला. जिलानीने काळा चष्मा डोळ्यांवर ओढला.

हात काम करत होते, पण मन अठरा वर्षं मागे गेलं. तेव्हा याच ट्रॅक्टरची उभी नळी त्याने खाली घेतली, आणि चालवणाऱ्याच्या तोंडावर धूर येऊ नये म्हणून टोकाला बाहेरच्या बाजूला असा सुबक बाक दिला, की थोरल्या मालकाने खूश होऊन तेलाचा डबा घरी पाठवला. तोडणीच्या बायका कुठे बसतात, हे मालकाने विचारलं नाही आणि जिलानीलाही सुचलं नाही. ट्रॉलीचा फाळका उजवीकडे उघडतो, म्हणून जाळी उजवीकडे अंथरतात आणि जाळ्यांवर बसून बायका फळांतला पाला निवडतात. ट्रॅक्टर एकदा बंद पडला की पुन्हा सुरू करायला सहा जणांनी ढकलावा लागे, म्हणून तो सकाळपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत तसाच फुरफुरत ठेवायचा.

त्या जाळ्यांवर जिलानीची बायको सालहा अकरा हंगाम बसली. रुमालाच्या कडा काळ्या करून घरी यायची.

"काय गं, ट्रॅक्टरशी लग्न लावलंस का?" तो चिडवायचा.

"तो निदान दिवसभर जवळ तरी असतो," ती म्हणायची.

मग तिला दम लागायला लागला. डॉक्टरने विचारलं, घरात इतक्या सिगारेटी ओढतं कोण? कुणीच ओढत नव्हतं. दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या जिलानीला नळीचा तो बाक आठवला, उजवीकडे जाळ्यांवर धूर सोडणारा. त्याला चार वर्षं झाली. सालहा आता घरातच असायची, आणि ही गोष्ट तिला सांगायची त्याची अजून हिंमत झाली नव्हती.

संध्याकाळच्या आत नळी डावीकडून बाहेर आली. चढताना कुणाचा पाय भाजू नये म्हणून तिच्यावर त्याने पत्र्याचं झाकणही चढवलं.

सकाळी तो आपल्या तीनचाकीतून सालहाला बागेत घेऊन आला.

"हिला कशाला आणलंत?" सी लमीन गडबडला.

"काम तपासायला. माझ्या कामाचं हिच्याइतकं कुणाला कळत नाही."

सालहा हळूहळू चालत गेली आणि ट्रॉलीच्या उजव्या बाजूला, आपल्या जुन्या जागी बसली. खिशातून बकऱ्याच्या शिंगांची टोकं काढून तिने एकेका बोटावर चढवली. चार वर्षांनी. समोरच्या फांदीवरून हात ओढला तशी फळं जाळीवर टपटपली.

ट्रॅक्टर सुरू झाला. काळा भपकारा डावीकडे, रिकाम्या वाटेवर गेला.

"आणि वारा फिरला तर?" सी लमीनने विचारलं.

"वाऱ्याचं पाप माझ्या माथी नाही. माझं होतं तेवढं मी काढलं."

थोड्या वेळाने सालहाचा हात थांबला. खांदे वरखाली व्हायला लागले. सी लमीनचा चेहरा उतरला आणि तो घाईने इंजिन बंद करायला वळला.

"बंद करू नकोस, बाळा," ती म्हणाली. "मला आता घरातही असाच दम लागतो. धूर नाही इथे. बसू दे बायकांना."

बायका एकेक करून बसल्या. तिच्या शेजारची नाजिहा नवी होती, तिच्या बोटांवर काहीच नव्हतं. सालहाने शिंगं एकेक करून उतरवली आणि तिच्या ओंजळीत दिली.

"तुझी?" नाजिहाने विचारलं.

"आता तुझी."

मग तिने नवऱ्याला शोधलं. जिलानी पलीकडे, डाव्या बाजूला उभा होता, नळीच्या अगदी तोंडाशी. खोकत होता, पण हलत नव्हता.

"जिलानी!" ती ओरडली. पुढचे शब्द तिला दोन दमांत म्हणावे लागले. "नळीचा तो बाक तुझ्याच हातचा, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. इतका सुबक दुसऱ्या कुणाला जमतो? आता इकडे ये."

त्याने बाहीने डोळे पुसले, वळसा घालून आला आणि तिच्या उजव्या हाताला जाळीवर बसला.