बुटाला धरून बसणारा डावा पेडल

मी सायकलचा डावा पेडल बोलतोय. साधासुधा नव्हे हं. बुटाच्या तळाला लोखंडी पट्टी असते, ती माझ्या जबड्यात ‘खट्’ करून बसली की पाय माझा. टाच बाहेर वळवली तरच सोडतो. कारखान्यात माझी परीक्षा घ्यायला हत्ती लावला होता ओढायला. हत्ती दमला. खोटं वाटत असेल तर हत्तीला विचारा.

माझी मालकीण हर्षदाताई. बदलापूरला, बेलवलीत तिचं ब्लाउज शिवायचं दुकान. बारवी धरणापर्यंत सायकलनं जायचं, हे तिच्या मनात लग्नाआधीपासूनचं. पन्नाशी आली तेव्हा लेक उन्नतीनं तिला पट्टीचे बूट घेतले आणि मला आणि माझ्या उजव्या भावाला आणून सायकलवर बसवलं. “ह्यानं चढ सोपा जातो, मम्मी.”

पहिल्याच रविवारी घात झाला. वाटेत मारुतीचं देऊळ लागलं. गाडीवरून जाताना देऊळ दिसलं की आपली माणसं काय करतात? वेग कमी, पाय चपलेतून बाहेर, हात छातीला. ताईनं सवयीनं तेच केलं, पाय सरळ वर ओढला. चप्पल असती तर सुटली असती. इथे नाडी आवळलेली आणि बूट माझ्या तोंडात! टाच वळवायचं तिला सुचलंच नाही. सायकलसकट ती देवळासमोरच्या फुलवालीच्या टोपलीत.

“अगं बाय, नुसते हात जोडले असतेस तरी चाललं असतं त्याला!” फुलवाली झेंडू झटकत म्हणाली.

सगळे हसले. ताईही हसली, पण कोपर सोलवटलं होतं. घरी नवरा, अनंता, अजिबात हसला नाही. “परत पडलीस ना, तर सायकल डायरेक्ट उल्हासनगरच्या भंगारात. मजाक नाही करत मी.”

मग मी जिन्याखाली पडून राहिलो. चावऱ्या कुत्र्याकडे बघावं तशी ताई येता-जाता माझ्याकडे बघायची. फार लागायचं मनाला. धरायला सांगितलं होतं, मी धरलं!

एका दुपारी तिच्या मशीनवर धागा सारखा तुटायला लागला. तिनं टेन्शनचा स्क्रू ढिला केला आणि काय वाटलं कोण जाणे, तशीच उठून माझ्यापाशी आली. चष्मा लावून निरखलं. माझ्याही अंगावर बारकासा स्क्रू!

“उन्नती, ह्याचंही टेन्शन जास्त आहे गं. आणि सरळ वर ओढला तरी पाय सुटेल, अशी पट्टी मिळत नाही का?”

“मिळते. मी रेसवाल्यांची आणली. सॉरी मम्मी.”

“मला काय तुझ्या पप्पांशी रेस लावायचीय?”

पट्टी बदलली, स्क्रू ढिला झाला. बिल्डिंगच्या भिंतीला हात टेकून ताई पाय अडकवायला, सोडवायला शिकली.

मग निघालो बारवीला. मागे स्कूटरवर अनंता, खिशात मलमाची ट्यूब. चढावर वळण घेतलं आणि समोर शेळ्यांचा कळप! ताईनं ब्रेक दाबले.

“पाय! हर्षदा, पाय काढ!” अनंता किंचाळला.

ती घाबरली. टाच वळवायचं पुन्हा विसरली. पुन्हा सरळ वरच ओढला पाय.

मी सोडला.

ताई एक पाय जमिनीवर टेकून ताठ उभी. शेळ्या दोन्ही बाजूंनी निवांत चाललेल्या. अनंताचं ओरडणं चालूच.

“अहो, बास करा. शेळ्या बिचकतायत.”

सध्या मी धरणाजवळ एका झाडाला टेकून उभा आहे. ते दोघं पलीकडे भजी खातायत आणि अनंता उन्नतीला फोनवर सांगतोय, “तुझी आई काय उभी राहिली माहितीय!” तुमच्या सायकलवर माझा कुणी भाऊबंद आला, तर आधी त्याचा स्क्रू ढिला करा आणि भिंतीपाशी त्याच्याशी ओळख करून घ्या. पकडायला आम्हाला जन्मतःच येतं. सोडायला तेवढं शिकवा.