कसा सुटलो ते लिहिणार नाही

रविवारी सकाळी, भाषणाला दोन तास उरलेले असताना, मला कळलं की मी एका माणसाचा घात केलाय.

भाषण परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाचं, जुरोंग ईस्टला. विषय मीच हौसेनं निवडलेला: गुलामगिरीतून सुटलेल्यांनी आपल्या कहाण्या लिहिल्या आणि लोकांचं मत फिरलं, ते कसं. इंग्लंडात कित्येक घरांनी गुलामांनी पिकवलेली म्हणून चहातली साखर सोडली, वगैरे. पण नुसता इतिहास ऐकायला रविवारी कोण येतंय? म्हणून मी निशिकांतला धरलं.

निशिकांत गुहागरकडचा, मालवाहू जहाजावर फिटर. अकरा महिने जहाज इथल्याच समुद्रात नांगर टाकून उभं, पासपोर्ट कॅप्टनच्या कपाटात, उतरायची बंदी. हा एकटा निसटला. खलाशांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं त्याला आसरा दिला. माझ्या आग्रहाखातर त्यानं बारा पानं लिहिली, साधी आणि अंगावर येणारी. शेवटची ओळ होती, ‘कसा सुटलो ते लिहिणार नाही.’

मला ती ओळ खुपली. संपादनाची खाज म्हणा, आगाऊपणा म्हणा. “अहो, वाचक त्याचीच वाट बघत असतात,” म्हणत मी आठवडाभर त्याचं डोकं खाल्लं. शेवटी तो म्हणाला, “स्मिताताई, तुमच्यापुरतं ठेवा हं,” आणि सांगितलं. जहाजावरच्या दर्शन नावाच्या कुकनं त्याला भाजी आणणाऱ्या बोटीत रिकाम्या क्रेट्सखाली लपवलं होतं. दर्शन अजून जहाजावरच होता.

शुक्रवारी मी जाहिरात म्हणून नेमका तेवढाच भाग लिहून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. नावासकट. नावाशिवाय लोकांना रडू येत नाही, असं माझं मत. लोक रडले. मी खूश.

आणि रविवारी टिपणं चाळताना समोर आलं: गुलामगिरीतून पळून आलेल्या एकानं आपल्या पुस्तकात सुटकेची वाट मुद्दाम सांगितली नव्हती. मागे राहिलेल्यांना त्याच वाटेनं यायचं होतं, आणि पुस्तक मालकही वाचतात. हे मीच महिन्यापूर्वी उतरवून घेतलं होतं, खाली दोन रेघा मारून. इतकी मी हुशार.

पोस्ट काढून टाकली. लगेच मंडळातल्या पद्माकरकाकांचा मेसेज: ‘का काढलंस? मी आमच्या शिपिंगवाल्या चारही ग्रुपांवर टाकलंय. लोकांना कळायलाच हवं!’

निशिकांतला फोन करून सगळं सांगून टाकलं. तो रागावेल असं वाटलं होतं.

“तरीच,” तो म्हणाला. “दर्शनला कालपासून मेसेज करतोय. एकच टिक येतेय.”

“नेटवर्क नसेल.”

“जहाज हललेलं नाही, ताई. ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावरून दिसतंय. मी इथंच उभा आहे.” मग म्हणाला, “संस्थेची माणसं जहाजापर्यंत जायला बोट शोधतायत. दुसरी टिक आली की कळवतो.”

घराजवळच्या चोआ चू कांगहून एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, पकडली. भाषणात काय बोलले ते आठवत नाही. फोन समोर उघडा ठेवला होता.

“तो सुटला कसा, ते वाचा ना!” मागून कुणीतरी म्हणालं.

“ते त्यानं लिहिलेलं नाही,” मी म्हटलं.

“माझ्याकडे आहे की!” पद्माकरकाका उठले, चष्मा चढवला आणि फोनवरून खड्या आवाजात वाचायला लागले. “दर्शन नावाचा कुक...”

“काका, गप्प बसा!” मी ओरडले. काकांवर आजवर कुणी ओरडलं नसेल. “तो अजून त्याच जहाजावर आहे. मी मूर्खासारखं नाव टाकलं. ज्यांनी ज्यांनी पुढे पाठवलंय त्यांनी काढा. आत्ता.”

साठ माणसांनी खाली माना घालून फोन काढले. काका बराच वेळ स्क्रीनवर बोट दाबत राहिले. मग हळूच म्हणाले, “बाकीच्या ग्रुपांवरून निघतंय गं. पण एकावर दर्शनच्या कंपनीचा मॅनेजर आहे. त्यानं कालच वाचलंय. अंगठा दिलाय.”

माझा फोन उजळला. निशिकांत होता.

‘अजून एकच टिक.’