कोरा रकाना

जात हुंगणाऱ्यांना माग लागू नये म्हणून बापाने आडनाव टाकून दिलं, तेव्हापासून नेरे गावची धम्मदीपा नुसती 'धम्मदीपा कुशाबा'. बावधनच्या कंपनीत ती भाड्याच्या खोल्यांचं पोर्टल सांभाळायची. अर्जात आडनाव कोरं राहिलं की पोर्टल 'नल पॉइंटर'ची, म्हणजे रिकाम्या जागी माहिती शोधल्याची, चूक दाखवून कोलमडायचं.

"आडनाव सक्तीचं कर, मिटलं," तिचे वरिष्ठ अतुलसर म्हणाले. "घरमालकांना ते लागतंच गं."

"कशाला लागतं ते मलाही ठाऊक आहे, सर."

सरांना एकदम चहाची आठवण झाली.

आडनाव आहे की नाही हे न बघताच कोड ते वापरायला धावत होता. धम्मदीपाने तिथे तपासणी घातली, स्वतःचंच नाव भरलं, आडनाव कोरं ठेवलं. अर्ज न अडता पुढे गेला.

सर परतले. "आणि मालकाने विचारलं तर?"

"सांगा, नाव एवढंच हाय. खोली द्यायची तर द्या."