नक्कीकाकू आणि मी, एक झिजलेली किल्ली

मी एक जुनी किल्ली आहे. पितळेची, बोटभर लांब आणि दात झिजलेली. 'हिला आता भंगारात टाका' असं परवाच कोणीतरी म्हणालं. म्हणू द्या! मी काही भंगारात जात नाही, आणि माझं म्हणणं सांगून झाल्याशिवाय तर मुळीच नाही. तेव्हा मित्रांनो, नीट सरसावून बसा आणि मध्ये मध्ये घड्याळ बघू नका.

माझा जन्म फुटपाथवरच्या एका टपरीत झाला. किल्लीवाल्याने मला पकडीत धरलं आणि कानशीने घासून घासून माझे पाच दात कोरले. दुखलं का म्हणून विचारू नका, दुखणारच. पण दाताखेरीज किल्लीला विचारतो कोण? मला पुसून, डोळ्यांसमोर धरून तो म्हणाला, "बाई, ही तुमच्या नातवंडांपर्यंत चालेल." समोर उभ्या असलेल्या बाई हसल्या. तेव्हा त्यांना नातवंडं तर सोडाच, मूलही नव्हतं.

या माझ्या बाई. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतात. प्लॅस्टरच्या साच्यावर मेण चढवायचं, एकेक दात रांगेत बसवायचा, घासायचा, चकाकवायचा. केसाइतकाही फरक त्यांच्या नजरेतून सुटत नाही. त्यांनी माझ्या कड्याला मेणाच्या साच्यातून काढलेला एक छोटा पांढरा दात अडकवला. मला त्याचा भारी अभिमान वाटायचा.

आमचं कुलूप लोंबकळणारं नव्हे, दाराच्या लाकडातच बसवलेलं आहे. मी आत शिरून दोन फेरे घेतले की कुलपाची जीभ चौकटीच्या खाचेत जाऊन बसते. मग मूठ एकदा ओढून बघायची, की काम झालं. सुरुवातीची काही वर्षं आमचं असंच चाललं होतं. सकाळी लावणं, संध्याकाळी उघडणं, दिवसभर पर्समध्ये कंगव्याशेजारी लोळणं. कोणी माझी वाहवा केली नाही, पण कोणी माझ्यावर संशयही घेतला नाही.

मग बाईंना लेक झाली, आणि कधी ते मलाही कळलं नाही, पण बाई मूठ दोनदा ओढायला लागल्या. नंतर चारदा. नंतर मला पुन्हा आत घालायचं, उघडायचं, पुन्हा लावायचं आणि मग ओढायचं. शेवटी आकडा अकरावर जाऊन थांबला. अकरा वेळा! समोरच्या घरातले काका पेपर घ्यायला बाहेर आले की विचारायचे, "काय, झाली का आजची कसरत?" बाई हसून वेळ मारून न्यायच्या. पण बसस्टॉपपर्यंत गेल्या की त्यांची छाती धडधडायला लागायची, आणि आमची वरात परत जिन्याने वर.

आणि फोटो! रोज लावलेल्या दाराचा मोबाइलवर फोटो. लॅबमध्ये कवळी बाजूला ठेवून बाई तो फोटो मोठा करून बघायच्या. मग म्हणायच्या, "हा कालचा तर नसेल?"

खरं सांगते, माझा संताप संताप व्हायचा. मी एकदाही दगा दिला नव्हता. एकदाही नाही! आणि ही बाई माझ्याकडे अशी बघायची, की जणू मीच चोरांना आतून सामील आहे. मी पर्समध्ये मुद्दाम कंगव्याच्या दातांत अडकून बसायचे. शोधू दे म्हटलं जरा.

एके वर्षी लेकीची पोहण्याची परीक्षा होती. चार फेऱ्या न थांबता. लेक शाळेच्या गाडीने पुढे गेली, बाई मागून निघाल्या आणि बसस्टॉपवरून तीनदा परतल्या. आम्ही तलावावर पोचलो तेव्हा लेक टॉवेल गुंडाळून बाकावर एकटीच बसली होती. केसांतून पाणी गळत होतं. "आई, माझं झालं," एवढंच ती म्हणाली. रडली असती तर बरं झालं असतं.

पण बाईंना खरा धक्का बसला तो त्यानंतर महिनाभराने. लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. "आज मी लावते," म्हणून तिने मला मागून घेतलं. लावलं. ओढलं. पुन्हा ओढलं. तिचे ओठ हलत होते. अगदी आईचे हलायचे तसेच. एक, दोन, तीन... अकरा. मग आईकडे बघून म्हणाली, "नक्की लागलं ना गं?"

बाई तिथेच पायरीवर बसल्या. लॅबला जायचं राहिलं. त्यांनी पर्समधून फोन काढला आणि त्या दिवशी दाराचा फोटो काढला नाही. एक नंबर लावला. कित्येक महिने तो नंबर त्यांनी नुसताच जपून ठेवला होता.

अशा रीतीने मी समुपदेशक बाईंच्या खोलीत पोचले. दोन खुर्च्या, खिडकीत एक कुंडी, टेबलावर कागदी रुमालांचा डबा. त्या म्हणाल्या, "किल्ली टेबलावर ठेवाल का?" मी मध्ये, त्या दोघी दोन बाजूंना.

"हिने आजवर किती वेळा दगा दिला?"

"एकदाही नाही," माझ्या बाई म्हणाल्या.

मी काय फुगले म्हणून सांगू!

"तरी तुम्ही अकरा वेळा बघता."

"तरी नक्की वाटत नाही ना, मॅडम."

"बरोबर. कारण बाविसाव्यांदाही वाटणार नाही. तुम्हाला शंभर टक्के नक्की हवंय, आणि ते कुठलंच कुलूप देत नाही."

हे ऐकून मी भडकलेच. कुलूप देत नाही म्हणजे? मी आहे ना नक्की! बाईही चिडल्या. "म्हणजे मी जन्मभर अशीच राहू का?"

"नाही. नक्की वाटत नसताना निघायचं कसं, ते आपण शिकू."

हे काय शिकणं झालं? मला वाटलं, या बाई आमच्या डोळ्यांत धूळ फेकतायत.

पण माझ्या बाई जात राहिल्या. समुपदेशक बाईंनी सांगितलं, डोक्यातल्या त्या आवाजाला काहीतरी नाव द्या. बाईंनी क्षणभरही विचार केला नाही. "नक्कीकाकू!" दोघी हसल्या. "तर या काकूंना हाकलायचं नाही," समुपदेशक म्हणाल्या. "हाकललं की त्या दारातच ठाण मांडतात. समजूतही घालायची नाही, त्या ऐकणाऱ्यांतल्या नाहीत. येऊ देत सोबत. बडबडू देत. फक्त कुठे जायचं, ते तुम्ही ठरवायचं."

एकदा बोलता बोलता धाकट्या भावाची गोष्ट निघाली. बाई आठ वर्षांच्या असताना त्यांच्याकडून दार उघडं राहिलं आणि रांगतं भावंड थेट रस्त्यावर गेलं. त्याला खरचटलंसुद्धा नाही. पण आई म्हणाली, "तुझ्यावर भरवसा ठेवायची सोय नाही." बाईंनी डब्यातला रुमाल घेतला, डोळे पुसले आणि सावकाश म्हणाल्या, "चोरीची भीती नाहीये मला. माझ्यामुळे झाली तर, याची आहे."

मलाही त्या दिवशी जरा ओशाळल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी हे सगळं माझ्यावरच घेऊन बसले होते.

सराव सुरू झाला. अकरावरून सात, सातावरून चार. सगळं सरळ झालं असं समजू नका. एकदा बाईंनी खाली थांबून लेकीलाच वर पाठवलं, "बघून ये गं जरा." समुपदेशक बाईंनी ते बरोब्बर पकडलं. फोटो पुसताना तर बाईंनी शेवटचा एक ठेवून घेतला, दोन आठवडे. पण एक दिवस समुपदेशक स्वतः आमच्या दारात आल्या. दोन फेरे, एकदा ओढणं, आणि मग दोघी जिन्याच्या तळाशी नुसत्या उभ्या. बाईंना घाम फुटला. मी त्यांच्या घामेजल्या मुठीत होते. "काकू काय म्हणतायत?" "परत चल म्हणतायत." "पाय कुठे जातायत?" "इथेच आहेत." अर्धा तास! काका वरून डोकावले, पण कसरतीचं नाव त्यांनी काढलं नाही.

आणि मग लेकीच्या पोहण्याच्या परीक्षेचा दिवस पुन्हा आला. या वेळी सहा फेऱ्या. मायलेकी बरोबरच निघाल्या. बाईंनी मला घातलं. पहिला फेरा झाला. दुसऱ्या फेऱ्यात माझा झिजलेला दात आतल्या आत घसरला. जीभ खाचेच्या काठावर जेमतेम टेकली. बाईंनी मूठ एकदा ओढली. दार हललं नाही. पण मला माहीत होतं, मित्रांनो! जोराचा वारा आला तरी हे दार उघडणार!

तिसऱ्या पायरीवर बाई थबकल्या. नक्कीकाकू ओरडत होत्या, "परत चल!" आणि आयुष्यात पहिल्यांदाच मीही काकूंच्या बाजूने होते. मुठीत जिवाच्या आकांताने टोचत होते, अगं परत चल, आज काकू खरं बोलतायत!

"आई, लागलं का?" लेकीने विचारलं.

बाईंनी एक मोठा श्वास घेतला. "माहीत नाही. एकदा ओढलंय. चल."

लेक पाण्यात सहा फेऱ्या मारत होती आणि मी पर्समध्ये तळमळत होते. पाचव्या फेरीला तिचा वेग मंदावला. तिने मान वर करून बाकाकडे बघितलं. बाई तिथे उभ्या होत्या, दोन्ही हात हलवत, "येऽऽ गं, ये!" म्हणून ओरडत. लेकीने सहावी फेरी पुरी केली.

आम्ही घरी आलो तर दार सताड उघडं.

समोरचे काका नेमके डोळे तपासायला गेले होते. घरात उलथापालथ नव्हती, पण स्वयंपाकघरातल्या फळीवरचा रेडिओ नव्हता. बाईंच्या आईचा रेडिओ. ती गेल्यापासून बाई रोज पोळ्या लाटताना तो ऐकायच्या. फळीवर तेवढी चौकोनी जागा धूळ नसलेली दिसत होती.

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. "आई, आपण परत यायला हवं होतं." तिने दार लोटलं आणि आतून मूठ ओढली. एकदा. दोनदा. तीनदा.

मी मनात म्हटलं, संपलं. आता अकराचे बावीस होणार, आणि एकीच्या दोघी होणार.

बाई फळीसमोर उभ्या राहून रडल्या. चांगल्या हुंदके देऊन रडल्या, लपवलं नाही. मग तोंड धुऊन आल्या आणि लेकीचा मुठीवरचा हात हळूच काढून स्वतःच्या हातात घेतला.

"ऐक. माझ्याकडून दार उघडं राहिलं. आईचा रेडिओ गेला. मला फार वाईट वाटतंय, आणि अजून बरेच दिवस वाटेल. पण तू पाचव्या फेरीला मान वर केलीस तेव्हा मी तिथे होते ना?"

"होतीस."

"मग परत आले नाही ते बरंच केलं. पुन्हा तसंच करेन. काय म्हणायचंय ते म्हणू दे काकूंना!"

आठ वर्षांच्या असल्यापासून 'माझ्याकडून दार उघडं राहिलं' या ज्या वाक्याला त्या घाबरत होत्या, ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने, पोटच्या पोरीसमोर म्हटलं, आणि तरी त्या पायावर उभ्याच होत्या. मी किल्ली आहे, मला रडता येत नाही. नाहीतर त्या दिवशी माझं काही खरं नव्हतं.

संध्याकाळी किल्लीवाल्याला बोलावलं. तोच तो, आता केस पिकलेला. त्याने मला उजेडात धरलं आणि कपाळावर हात मारला. "बाई, हिचे दात पार गेलेत! सकाळ-संध्याकाळ फिरवली असती तर कुठे गेली नसती. तुम्ही हिने गिरणी चालवली की काय?"

बाईंनी मला हातात घेऊन निरखलं. दुसऱ्यांचे दात घडवणाऱ्या बाईंना माझ्या दातांचं काय झालं, ते कळायला वेळ लागला नाही. दार नक्की लागावं म्हणून त्यांनीच मला इतकं घासलं होतं, की शेवटी ते लागेना. आणि त्या इतक्या हसल्या, की किल्लीवालाही हसायला लागला.

त्याने नवी किल्ली कोरली आणि 'हिला आता भंगारात टाका' म्हणाला. हाच तो! ज्याने मला जन्म दिला! पण लेकीने मला मुठीत घट्ट धरलं आणि म्हणाली, "मुळीच नाही." दाराच्या आतल्या बाजूला एक खिळा होता. पांढऱ्या दातासकट तिने मला तिथे टांगलं.

तर मित्रांनो, आता मी इथून सांगते. घरातल्या किल्लीवर, कुलपावर आणि जिवाभावाच्या माणसांवर जरूर लक्ष ठेवा. पण आम्हाला उगाच घासू नका. आमच्याकडे मागायचं, तर फक्त दार लावून द्या म्हणा. 'नक्की' मागू नका. ते माझ्याकडे कधीच नव्हतं, आणि नव्या किल्लीकडेही नाही, मग ती कितीही चकाकू दे. डोक्यातली काकू बडबडली तर बडबडू द्या, आणि एकट्याने निभत नसेल तर त्या दोन खुर्च्यांच्या खोलीत जायला लाजू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिळ्यावरून कान देऊन ऐकत होते. बाहेरून दोन फेरे झाले. मूठ एकदा ओढली गेली. मग दोघींची पावलं जिन्यावर वाजली. एक पायरी, दोन, तीन. आणि थांबली. माझा जीव टांगणीला लागला, खिळ्याला तर मी होतेच.

"आई, नक्की?" लेकीचा आवाज आला.

"माहीत नाही गं. तुला?"

"मलाही नाही."

आणि मग चौथ्या पायरीवर पावलं वाजली. पाचव्या. सहाव्या. मी शेवटपर्यंत मोजली. एकही पाऊल वर आलं नाही.