मॅनिटोबाला मेकॅनिक हवाय

माझ्या लग्नाआधी देवासला आमच्या घरी जो बायोडेटा आला, त्यात राजसच्या नावापुढे लिहिलं होतं: मॅनेजर, रेफ्रिजरेशन कंपनी, फ्रीगंज, उज्जैन. लग्नानंतर चौथ्या दिवशी हे मॅनेजर कोपरापर्यंत काळे हात घेऊन घरी आले आणि हात धुवायला कपड्यांची पावडर मागू लागले. मी विचारलं, "तुमच्याकडे मॅनेजरला हेच काम असतं का?" राजस हसला. म्हणाला, "मॅनेजर बाबांसाठी. मी मेकॅनिक आहे."

दीड दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. मेकॅनिक आहे म्हणून नाही हो, खोटं सांगितलं म्हणून. मग पहिल्यांदा माहेरी गेलो तेव्हा त्याने आमचा अकरा वर्षांचा फ्रीज बघितला. तीन जणांनी तो भंगारात काढायला सांगितला होता. राजसने नुसता कान लावून ऐकला, मागे हात घातला आणि अर्ध्या तासात बर्फ जमायला लागला. तेव्हापासून मी या माणसावर फिदा आहे. खोटं बोलणाऱ्यांवरचा राग मात्र मी तसाच जपून ठेवला होता, कधीतरी कामाला येईल म्हणून.

तो राग कामाला आला या श्रावणात.

सोमवारी सकाळी मी पोह्यांवर शेव घालत होते आणि फोन वाजला. मेल आला होता, परदेशातल्या मॅनिटोबा प्रांतातून. आम्ही तिथे कुशल कामगार म्हणून नाव नोंदवलं होतं आणि त्या प्रांताने आम्हाला अर्ज करायला बोलावलं होतं! मी अशी ओरडले की आई, माझ्या सासूबाई, गॅस बंद करून धावत आल्या. शेव सगळी ओट्यावर. राजस मेल वाचतो, परत वाचतो, तिसऱ्यांदा वाचतो आणि म्हणतो, "अमृता, चिमटा काढ." मी काढला, चांगला जोरात.

आई देवापुढे साखर ठेवायला गेल्या. माझे सासरे, म्हणजे बाबा, प्रभाकरराव, बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेले, चष्मा पुसत म्हणाले, "वा, वा! मॅनेजर म्हणून बोलावलंय ना?"

त्या गडबडीत कोणीच उत्तर दिलं नाही. तिथेच चुकलं.

पुढचे दिवस कसे गेले विचारू नका. मी फोनवर तिथल्या विनिपेग शहराचं तापमान लावून ठेवलं होतं आणि रोज सगळ्यांना सांगायचे. जानेवारीत उणे तीस असतं म्हटल्यावर समोरचे शैलेंद्रकाका पोट धरून हसले. "अरे राजस, जिथे दार उघडलं की बर्फ, तिथे तू फ्रीज ठीक करायला जाऊन राहिला? वाळवंटात वाळू विकायला जा ना!" राजस शांतपणे म्हणाला, "काका, बाहेर उणे तीस म्हणून घर आतून तापवतात. मग दूध नासणार ना? आणि त्यांच्या कोल्ड रूम आपल्या घराएवढ्या असतात." कोल्ड रूम म्हणताना त्याचे डोळे असे चमकले की काका हसायचे थांबले.

भाषेची परीक्षा झालेली होती, पदविका होती, पासपोर्ट होते. राहिलं होतं एकच, मालकाचं पत्र. सात वर्षं काय काम केलं याचं. कागद पाठवायची शेवटची तारीख शुक्रवार होती आणि पत्र हातात आलं मंगळवारी संध्याकाळी, पेढ्यांच्या पुड्यासकट.

मालक म्हणजे भय्यासाहेब. वय सत्तर, टावर चौकाच्या मागच्या गल्लीत दुकान. त्यांचे पूर्वज शिंदे सरकारच्या दफ्तरात होते, हे ते नव्या गिऱ्हाइकाला गॅस भरायचा भाव सांगायच्या आधी सांगतात. उज्जैनमधली कितीतरी मराठी लग्नं त्यांनी जुळवली, आमचंही. तो बायोडेटा त्यांच्याच अक्षरातला होता.

पत्राला त्यांनी तीन आठवडे घेतले होते. आणि काय पत्र होतं! वर श्री, मग इंग्रजीत दोन पानं. राजस अत्यंत प्रतिष्ठित घराण्यातला. आजोबा संस्थानच्या शाळेत हेडमास्तर. मुलगा निर्व्यसनी, सुपारीचं खांडही न खाणारा. थोरल्यांपुढे आवाज न चढवणारा. पत्नी सुशील. आणि शेवटी ठळक अक्षरांत: अशा सुपुत्राने आमच्याकडे सात वर्षं जनरल मॅनेजर हे पद भूषवलं.

कामाबद्दल एक ओळ नाही. आठवड्याचे तास नाहीत. मॅनेजरचं मात्र जनरल मॅनेजर झालं होतं.

"हे लग्नाचं पत्र आहे," मी म्हणाले. "यांनी तुला मॅनिटोबाला दाखवायला काढलंय."

राजस हसायला लागला आणि मग त्याला अर्ज आठवला. आम्ही अर्जात रेफ्रिजरेशन मेकॅनिक लिहिलं होतं. त्यावरच बोलावणं आलं होतं. पत्रात जनरल मॅनेजर वाचून तिथला माणूस काय म्हणणार? दोघांतलं एक खोटं आहे, एवढंच. आणि अर्ज संपला.

बुधवारी सकाळी आम्ही दुकानात. भय्यासाहेबांनी माझ्यासाठी खुर्ची पुसून दिली. मी पत्राची तारीफ केली, खरंच केली. मग मी म्हणाले, "फक्त हुद्दा बदलायचाय. मेकॅनिक लिहायचं. आणि तास."

त्यांचा चेहरा उतरला. "तास? घरच्या माणसाचे तास कोण मोजतं, सूनबाई?"

"ते मोजतात, भय्यासाहेब."

"मोजू देत. पण मेकॅनिक मी नाही लिहिणार. हेडमास्तरांच्या नातवाला, माझ्या लेटरहेडवर, माझ्या हाताने? बिलकुल नाही. लोक म्हणतील, पोरगा जाऊन राहिला आणि जाता-जाता म्हाताऱ्याने त्याची पत उतरवली."

राजस म्हणाला, "भय्यासाहेब, मी मेकॅनिकच तर आहे."

"मला माहीत नाही का? मागच्या श्रावणात देवाच्या सवारीमुळे रस्ते बंद होते, तेव्हा दीड किलोमीटर कॉम्प्रेसर खांद्यावर टाकून डेअरीत कोण गेलं होतं? तुझ्यासारखा हात माळव्यात नाही, बेटा. पण ती वेगळी गोष्ट." मग त्यांनी आवाज खाली आणला. "सात वर्षांपूर्वी तुझे बाबा याच खुर्चीवर बसले होते. म्हणाले, पोरगं ऐकत नाही, औजारंच हातात घ्यायची म्हणतं. निदान हुद्दा बरा लावा. मी शब्द दिला. आता प्रभाकररावांनी येऊन शब्द परत घेतला तर लिहीन. नाहीतर माफ करा."

बाबा एकदाही दुकानात आले नाहीत असं राजस समजत होता. आले होते, पण कशासाठी!

घरी मी सगळं सांगितलं. बाबा वर्तमानपत्राची घडी घालत राहिले. नंतर म्हणाले, "मॅनेजरला नाही घेत का ते? विचारून बघ. जनरल मॅनेजर तर मोठी पोस्ट असते."

बस. जपून ठेवलेला राग बाहेर आला.

"बाबा, मॅनिटोबाने मॅनेजर मागितलेला नाही! त्यांना मेकॅनिक हवाय. सात समुद्रांपलीकडच्या लोकांना याच्या हातांची किंमत कळली, आणि आपल्या घरात ते हात धुऊनच बैठकीत यायचं. तुम्ही कधी विचारलंत, तो दिवसभर काय करतो? त्याला काय येतं, हे तुम्हाला माहीत आहे का? मला खोटं सांगून लग्न लावलंत, ते मी गिळलं. पण याच्या कागदावर खोटं नको."

आई म्हणाल्या, "अमृता, पुरे." पण ते रागावून नव्हतं, आणि त्या बाबांकडे बघतही नव्हत्या. बाबा उठून आत गेले. मला वाईट वाटलं. शब्दांचं नाही, माझ्या आवाजाचं. थोरल्यांपुढे आवाज न चढवणारा जो होता तो माझा नवरा, मी नव्हे.

गुरुवारी सकाळी बाबा घरात नव्हते. त्यांची बँकेतली रेक्झीनची बॅगही नव्हती. दहा वाजता राजसचा फोन आला, आवाज चढलेला. "अमृता, बाबा दुकानात बसलेत! शटर उघडायच्या आधीपासून. वही घेऊन. म्हणतात, मी तुझ्याबरोबर कामावर येतो. तू ये ना लवकर!"

मी ओल्या केसांनी धावले.

एका डेअरीतून फोन आला होता, कोल्ड रूम गरम होतेय, आत चारशे लिटर दूध. राजस पुढे, बाबा मागे, त्यांच्या मागे मी. राजसने जाकीट चढवलं, आत गेला, नळ्यांवरून हात फिरवला, साबणाचं पाणी लावलं. एका जोडावर इवलासा बुडबुडा आला. "सापडला," तो म्हणाला. बाबांनी वाकून बघितलं. "हा एवढासा? तुला कसं कळलं इथेच असेल म्हणून?"

"इथे तेल दिसलं, बाबा. गॅस जातो तिथून तेलही येतं."

बाबांनी वहीत लिहिलं. मग राजसने उरलेला गॅस काढून घेतला, ज्योत पेटवली आणि तो जोड चांदीसारखा सांधला. बाबांनी चष्मा काढून डोळे पुसले. ज्योतीकडे बघितल्यामुळे असेल म्हणून मी दुसरीकडे बघितलं. नवा गॅस भरल्यावर तापमानाचा काटा खाली यायला लागला तेव्हा डेअरीवाला माधव हात जोडून म्हणाला, "भिया, बचा लिया," आणि बाबांनी त्या काट्याचा आकडाही लिहिला.

दुपारी दुकानात ती वही उघडली. बाबांनी शाखाधिकाऱ्याच्या काटेकोरपणाने एकोणीस कामं लिहिली होती. गळती शोधणे. नळ्या सांधणे. वायरिंग तपासणे. कोल्ड रूम उभारणे. नव्या पोरांना शिकवणे. तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. ते वाचून दाखवत होते आणि राजस मान खाली घालून ऐकत होता. आपल्या कामाचं नाव बापाच्या तोंडून तो पहिल्यांदा ऐकत होता.

शेवटी बाबा म्हणाले, "भय्यासाहेब, सात वर्षांपूर्वीचा तो शब्द मी परत घेतो. लिहा, मेकॅनिक."

भय्यासाहेबांनी लिहिलं. सही केली, शिक्का मारला, त्यावर फुंकर घातली. मग म्हणाले, "सुपारी खात नाही, एवढं तरी राहू द्या?"

"नको!" आम्ही तिघं एकदम ओरडलो.

रात्रीपर्यंत थांबायचा धीर कोणाला होता? साडेपाचला मी कागद ऑनलाइन चढवले. 'मिळाले' अशी पोच आली तेव्हा मी राजसला मिठी मारली, आईंना मारली, आणि बाबांच्या पाया पडायला गेले तर त्यांनी हात धरून उठवलं. "ओरडलीस ते बरं केलंस," म्हणाले. "फक्त पुढच्या वेळी हळू. शैलेंद्रला ऐकू गेलं."

दिवाळीनंतर प्रांताने राजसची निवड केल्याचं पत्र आलं. व्हिसा आणि बाकीचं अजून व्हायचं होतं, पण मोठा दरवाजा उघडला होता. त्या संध्याकाळी बाबा आणि मी पेढे घ्यायला टावर चौकात गेलो. मी रस्ताभर बडबडत होते, विनिपेगला किती जाकिटं लागतील, बाळासाठी तिकडे शाळा कशी असते, अजून बाळाचा पत्ता नाही तरी. बाबा हसत ऐकत होते.

हलवाई घामाघूम झाला होता. रबडीचा काउंटर बंद पडलेला, तो कोणाला तरी फोन लावत होता आणि कोणी उचलत नव्हतं. बाबांनी काचेला कान लावला. मिनिटभर, अगदी राजससारखा. अर्थात त्यांना काही कळलं नसणार.

मग ताठ उभे राहिले आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "रुको. मेरा लड़का मेकॅनिक है. अभी बुलाता हूँ."

हलवायाने हात जोडले. "बाबूजी, आगे के लिए भी उनका नंबर दे दो."

बाबांनी फोन कानाला लावला होता. तिकडे राजस उचलेपर्यंत जो थोडा वेळ गेला त्यात त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. उघडलेल्या त्या मोठ्या दरवाजातून कोण जाणार आहे, हे त्यांना आत्ता, इथे, रबडीच्या काउंटरपाशी कळलं होतं.

"नंबर ले लो," ते म्हणाले. "पर जो ठीक करवाना है, जल्दी करवा लो. सालभर ही है यहाँ."